बाल्डर्स गेट ३ पुन्हा खेळताय? मग या वेळी पार्टी कोणती?

ज्यांनी हा व्हिडिओ गेम एकदा तरी शेवटपर्यंत नेलाय त्यांच्यासाठी हा आढावा आहे, त्यामुळे कथेतले पत्ते झाकून ठेवलेले नाहीत.

पहिल्या खेपेला बहुतेकांची पार्टी, म्हणजे चौघांची टोळी, आपोआप जमते. शॅडोहार्ट मलमपट्टीला, लेझेल पुढे तलवार घेऊन, अ‍ॅस्टेरियन कुलपांना आणि आपण जे काही असू ते. दुसऱ्या खेपेला जो तो "सर्वांत जास्त डॅमेज कशात" हे शोधायला लागतो. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. ऑनर मोड, म्हणजे सर्वांत कठीण पातळी, सोडली तर पाचव्या लेव्हलनंतर कुठलंही नीट बांधलेलं बिल्ड, म्हणजे पात्राची घडण, पुरून उरतं. दुसरा खेळ कोणी हरला म्हणून सोडत नाही. तिसऱ्या अंकातल्या लोअर सिटीत पोचल्यावर प्रत्येक मारामारीत तेच तेच करायचा कंटाळा येतो, म्हणून सोडतो. तेव्हा पार्टी निवडताना मी तीन गोष्टी बघतो: बिल्ड कितव्या लेव्हलला रंगात येतं, एक पाळी किती लांबते, आणि तिसऱ्या अंकातही हात शिवशिवतात का.

कॅम्पातल्या विदर्सला १०० सोन्याची नाणी दिली की कोणाचाही क्लास, म्हणजे पेशा, आणि गुण बदलतात, कथा मात्र त्याची त्याच्याकडेच राहते. शॅडोहार्टला रानटी बार्बेरियन केलं तरी ती शारची भक्तच. म्हणून "मला अमुक सोबती हवा" आणि "मला अमुक बिल्ड हवं" हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. फक्त मुख्य पात्राचा क्लास जरा विचार करून घ्या, कारण बोलण्यातले क्लासचे खास पर्याय बोलणाऱ्यालाच मिळतात.

फेकाफेक की पाणी आणि वीज?

दोन्ही पार्ट्या पहिल्या अंकातच पेटतात, दोन्हींत धमाल आहे, पण मजेची जात वेगळी.

फेकाफेकीचा गाभा म्हणजे टॅव्हर्न ब्रॉलर हे फीट, म्हणजे ठरावीक लेव्हलला निवडायचं खास कौशल्य. नुसत्या हातांनी मारताना आणि वस्तू फेकताना ताकदीचा बोनस दोनदा धरला जातो, अचूकतेतही आणि डॅमेजमध्येही. कार्लाक मुळात बार्बेरियनच आहे. तिसऱ्या लेव्हलला बर्सर्कर, चौथ्याला हे फीट, की बिल्ड तयार. गॉब्लिन कॅम्पातल्या व्यापाऱ्याकडे रिटर्निंग पाइक मिळतो, फेकला की हातात परत येतो. तो कॅम्प उडवायच्या आधी विकत घ्या, ही घाईत हटकून राहून जाणारी गोष्ट. पाचव्या लेव्हलला दोन फेकी आणि रागातली तिसरी, आणि ती तिसरी समोरच्याला आडवा पाडते. तिसऱ्या अंकात सर्कशीतल्या जिनीच्या चक्रातून जंगलात पोचलात की निरुलना नावाचा त्रिशूळ मिळतो, मग पाइक निवृत्त.

जोडीला ओपन हँडचा मंक घ्या, त्यालाही हेच फीट. आंटी एथेल ड्रूइडांच्या वस्तीत हिल जायंटचं एलिक्सर विकते. ते प्यायलं की लाँग रेस्टपर्यंत, म्हणजे रात्रीच्या झोपेपर्यंत, ताकद २१, म्हणजे तुमचे गुण तुम्ही डेक्स्टेरिटी आणि विझ्डममध्ये घालायला मोकळे. विश्रांतीनंतर तिचा माल पुन्हा भरतो, त्यामुळे तिचा हिशेब चुकता करण्याआधी साठा करून ठेवा. पुढे मंकला चोराच्या, म्हणजे थीफ रोगच्या, तीन लेव्हल जोडल्या की एक जास्तीची बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे पाळीतली छोटी कृती, मिळते आणि एका पाळीत फ्लरी ऑफ ब्लोज हा ठोशांचा मारा दोनदा करता येतो.

मला या पार्टीत आवडतं ते हे, की ती आकड्यांपेक्षा जागेशी खेळते. कडा कुठे आहे, दरी कुठे आहे, खाली उभा कोण आहे. एवढी ताकद असली की गॉब्लिन उचलून दुसऱ्या गॉब्लिनवर टाकता येतो, आणि हे कितीही वेळा केलं तरी जुनं होत नाही. दरीत टाकलेल्याच्या खिशातला माल मात्र दरीतच जातो, तेवढं लक्षात असू द्या. पाळी झटपट संपते. तोटा संवादांचा: दोघांकडेही करिष्मा नाही, कुलूप दिसलं की लाथ. तिसरा गडी बोलका घ्यावाच लागतो.

पाणी आणि विजेच्या पार्टीत सगळा खेळ एका नियमावर उभा आहे. ओल्या माणसाला वीज आणि थंडी दोन्हींचा दुप्पट फटका बसतो. शॅडोहार्टची ट्रिकरी काढून टेम्पेस्ट डोमेन दिलं की दुसऱ्या लेव्हलला तिला डिस्ट्रक्टिव्ह रॅथ मिळतं, म्हणजे विजेच्या फाशांवर थेट कमाल आकडा. पाचव्या लेव्हलला कॉल लाइटनिंग येतं. तीन दहा-पैलू फासे, कमाल ३०, समोरचा ओला असेल तर ६०. वाचला तरी त्याला निम्मं लागतंच. क्रिएट वॉटर हा पहिल्या पातळीचा मंत्र, आणि तोही न जमला तर पाण्याची बाटली फेका.

मुख्य पात्र स्टॉर्म सॉर्सरर करा. मंत्र टाकला की बोनस अ‍ॅक्शनमध्ये उडून दुसरीकडे जायला मिळतं, ही सोय इतकी छान आहे की नंतर साध्या विझार्डचा वीट येतो. त्यालाच टेम्पेस्टच्या दोन लेव्हल दिल्या की सातव्या लेव्हलला लाइटनिंग बोल्ट कमाल ४८, ओल्यावर ९६. सुरुवात सॉर्सररनेच करा, त्यात कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हिंग थ्रोची प्रवीणता मिळते आणि एकाग्रतेचे मंत्र टिकतात. शिवाय करिष्मा असल्यामुळे बोलणंही तोच सांभाळतो.

इथली मजा तयारीची आहे. एक जण भिजवतो, दुसरा वाट बघतो, मग एकदम धडाका. पण मंत्रांचे स्लॉट संपतात आणि तुम्ही सारखे झोपायला जाता. बॅलन्स्ड या मधल्या पातळीवर एका लाँग रेस्टला ४० रसद लागते, त्याहून कठीण टॅक्टिशियनवर ८०. आणि साचलेल्या पाण्यात वीज पडली की ती आपला-परका बघत नाही. तिथे तुमचा पुढचा गडी उभा असेल तर तोही भाजून निघतो.

या दोहोंत निवड करायची तर मी संध्याकाळचा विचार करेन. कामावरून येऊन तासभर खेळणार असाल तर फेकाफेक. शनिवार-रविवार मोकळा असेल आणि दर मारामारीची मांडणी करायला आवडत असेल तर वीज.

डार्क अर्ज खेळणार असाल तर: अंधार की भूतावळ?

पुन्हा खेळणाऱ्यांपैकी बरेच जण या वेळी डार्क अर्ज, म्हणजे मनात खुनाची ओढ असलेला नायक, घेतात, आणि घ्यावाच. त्याला शोभतील अशा दोन पार्ट्या.

अंधाराच्या पार्टीत डार्कनेस हा दुसऱ्या पातळीचा मंत्र टाकून त्या काळ्या ढगात उभं राहून लढायचं. आतले शत्रू आंधळे होतात, बाहेरच्या धनुर्धाऱ्यांना आत नेम धरता येत नाही, ते मुकाट चालत आत येतात आणि मार खातात. वॉरलॉकला दुसऱ्या लेव्हलला डेव्हिल्स साइट घेता येते, तिने जादूच्या अंधारातही दिसतं. म्हणजे वॉरलॉक सोबती विल हवाच, आणि आत लढणाऱ्या प्रत्येकाला वॉरलॉकच्या दोन लेव्हल द्यायची किंमत मोजावी लागते. पॅच ८ या अपडेटमध्ये आलेला शॅडो मॅजिक सॉर्सरर इथे चपखल बसतो. सहाव्या लेव्हलला त्याला एक काळा कुत्राही मिळतो.

डार्क अर्जला स्वतःला ग्लूम स्टॉकर रेंजर आणि असॅसिन रोग असं मिश्रण द्या. बेसावध शत्रूवरचा वार हमखास क्रिटिकल, आणि लढाई सुरू होताच असॅसिनला अ‍ॅक्शन आणि बोनस अ‍ॅक्शन परत मिळते. वर डेथस्टॉकर मँटल: ठार मारलं की दोन पाळ्या अदृश्य. हा झगा कॅम्पातल्या रक्तरंजित रात्रीनंतर डार्क अर्जचा बटलर आणून देतो. पण त्या रात्रीचा बळी म्हणजे गाऊन-वाजवून जादू करणारी बार्ड अल्फिरा, आणि ती जगली तर दुसऱ्या अंकात तिच्या माणसांना मूनराइजच्या तुरुंगातून सोडवल्यावर पोटेंट रोब देते, जो विलच्या एल्ड्रिच ब्लास्ट या हल्ल्याच्या मंत्रासाठी सोन्यासारखा आहे. दोन्ही हवं असेल तर त्या रात्रीआधी तिला जिवे न मारता बेशुद्ध करून ठेवा, तिच्या जागी दुसरीच बार्ड कॅम्पात येते. बिचारी.

अडचण तिसऱ्या अंकात. तिथल्या मोठ्या लढाया बहुधा संभाषणातून सुरू होतात, मग बेसावध कोण राहणार? पहिल्या दोन अंकांत जे बिल्ड वाघ होतं ते तिथे साधंच होतं. अंधार मात्र शेवटपर्यंत कामाला येतो.

भूतावळ याच्या उलट वाटेने जाते. सुरुवात रटाळ, शेवट गजबजलेला. स्पोर ड्रूइड आणि नेक्रोमॅन्सी विझार्ड ही जोडी. पाचव्या लेव्हलला अ‍ॅनिमेट डेड, सहाव्याला ड्रूइडचे बुरशीचे झॉम्बी आणि विझार्डला जास्तीचे मुडदे. पहिल्या अंकातल्या उजाड गावाच्या तळघरात थायच्या नेक्रोमॅन्सीचं पुस्तक उचलायला विसरू नका, कारण तिसऱ्या अंकात त्यातूनच डान्स मॅकाब्र मिळतो आणि चार घूल एकदम उठतात. नॉटिलॉइडवर 'अस' नावाच्या चालत्या मेंदूला सोडवलंत तर दुसऱ्या अंकात तोही पुन्हा भेटतो.

दिसायला हे सगळं फार भारी दिसतं. पण प्रत्येक मुडद्याची पाळी तुम्हालाच खेळावी लागते, आणि लोअर सिटीच्या अरुंद गल्ल्यांत दहा-बारा जणांची वरात नेणं म्हणजे शिक्षा. मला दोन लढायांनंतर मुडदे कॅम्पात ठेवावेसे वाटतात, आणि तसं वाटलं तर मग पार्टीला अर्थच उरत नाही. तुम्ही मित्रांसोबत को-ऑप खेळत असाल तर हिचा विचारही करू नका, बाकीचे फोन बघत बसतील.

ऑनर मोडवाल्यांसाठी थोडक्यात

एकच सेव्ह, आणि सगळे पडले की खेळ संपला. शिवाय बड्या शत्रूंना खास हालचाली मिळतात आणि हेस्ट या वेग वाढवणाऱ्या मंत्राच्या जास्तीच्या अ‍ॅक्शनमध्ये एकच वार मिळतो. इथे मजेपेक्षा टिकाव बघा. अंडरडार्कातल्या सेलूनेच्या ओसाड ठाण्यातलं ल्युमिनस आर्मर घातलेली क्लेरिक, तिच्याभोवती स्पिरिट गार्डियन्स. प्रकाशाचा फटका बसला की शत्रूंना रेडिएटिंग ऑर्ब चिकटतात आणि दर ऑर्बमागे त्यांच्या वाराला उणे एक. दोन फेऱ्यांत त्यांचे वार हवेत जायला लागतात. शेजारी वरची फेकणारी कार्लाक उभी करा. सुरक्षित आहे, परिणामकारक आहे, आणि खरं सांगायचं तर जरा कंटाळवाणं.

चार बार्ड

ही माझी आवडती पार्टी, आणि तिला कुठल्याच यादीत वरची जागा मिळत नाही. पॅच ८ ने ग्लॅमर कॉलेज आणल्यापासून बार्डचे नेमके चार प्रकार झाले: लोर, व्हॅलर, स्वोर्ड्स आणि ग्लॅमर. चौघे बार्ड असले तरी कोणी कोणासारखं नाही.

स्वोर्ड्सवाला धनुष्य घेऊन एका फ्लरिशमध्ये दोन बाण मारतो, खरा मारेकरी तोच. लोरवाल्याला सहाव्या लेव्हलला दुसऱ्या क्लासचे दोन मंत्र उचलता येतात. फायरबॉल आणि काउंटरस्पेल घ्या, म्हणजे पार्टीत विझार्ड नसल्याचं जाणवत नाही. व्हॅलरवाला ढाल घेऊन पुढे. ग्लॅमरवाला सगळ्यांना तात्पुरते प्राण वाटतो आणि त्यांच्यावर हात उगारणाऱ्याला मोहिनी घालतो.

यातली गंमत हिशेबाची आहे. एका लाँग रेस्टमागे सगळ्यांना दोनच शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोट्या विश्रांती, मिळतात. बार्डचं साँग ऑफ रेस्ट म्हणजे वर एक. चार बार्ड असतील तर एकूण सहा. आणि पाचव्या लेव्हलनंतर बार्डिक इन्स्पिरेशन शॉर्ट रेस्टलाच भरतं. म्हणजे विजेची पार्टी तीन लढायांनंतर अंथरूण शोधत असते तेव्हा हे चौघे अजून बागडत असतात. संवादात तर विचारूच नका, कुणालाही पुढे करा, तो गोड बोलून दार उघडून घेतो. रसद वाचते, बाजारात चौघांना वाजवायला उभं केलं की बघे नाणीही टाकतात.

उणीव सरळ दिसते: ही मैफल चार गायकांची, तबलजीच नाही. सहाव्या लेव्हलपर्यंत दुसरा वार कोणालाच नाही, पुढे टिकून मार खाणारा कोणी नाही, आणि गॉब्लिन कॅम्पाची लढाई खरोखर अंगावर येते. तिथवर स्लीप आणि टाशाचं हिडिअस लाफ्टर यांवर निभवावं लागतं. मनाचे मंत्र न लागणारे शत्रू समोर आले की व्हिशस मॉकरीच्या शिव्याही वाया. एवढं सोसायची तयारी नसेल तर चौथा बार्ड काढून तिथे लेझेलला तिच्या मूळ फायटर रूपात ठेवा. पण तयारी असेल तर लेझेललाच व्हॅलर बार्ड करा. इतरांना तुच्छ लेखणारी ती गिथयांकी बाई हातात ल्यूट घेऊन कॅम्पात उभी असते, आणि तिच्या बोलण्यातला एक शब्दही बदललेला नसतो.