भुयारी मेट्रो ३ : ऑफिसवाल्यांची सोय झाली, राहणाऱ्यांचे काय?

आरे ते कफ परेड हा मेट्रो ३चा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण सुरू झाला आणि चर्चगेट, सीएसएमटी, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) व विमानतळ एका भुयाराने जोडले गेले. या परीक्षणात संपूर्ण मार्गाचा विचार नाही. आचार्य अत्रे चौकापासून कफ परेडपर्यंतचा दक्षिण टप्पा हाच विषय आहे, कारण फोर्ट-नरिमन पॉइंट हे मुंबईचे जुने व्यापारी केंद्र पुन्हा उभे करण्याची जबाबदारी याच टप्प्यावर टाकलेली आहे.

निव्वळ प्रवास म्हणून ही सेवा उत्तम आहे. आठ डब्यांची वातानुकूलित गाडी, फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे, लोकलच्या दारात लोंबकळण्याची सवय झालेल्या माणसाला संकोच वाटावा इतकी स्वच्छता. बीकेसीहून फोर्टला जायला पूर्वी आधी कुर्ला किंवा वांद्रे स्थानक गाठावे लागे. आता हुतात्मा चौकाचे तिकीट थेट मिळते. उणिवाही ठळक आहेत. सुरुवातीला भुयारात मोबाईलला रेंजच नव्हती आणि मे २०२५च्या अखेरच्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले, तेही ते स्थानक खुले होऊन जेमतेम दोन आठवडे झाले असताना. भाडे १० ते ७० रुपये आहे. टोकापासून टोकापर्यंत रोज जाऊन-येऊन करणाऱ्याला महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी साडेतीन हजार मोजावे लागतात, आणि लोकलच्या पासावर घर चालवणाऱ्यांना हा आकडा परवडण्यातला नाही.

खरा प्रश्न मात्र गाडीतून उतरल्यावर सुरू होतो. कामाच्या दिवशी सकाळी हुतात्मा चौकाच्या जिन्यावरून वर येणारी गर्दी पाहिली की फोर्टला जाग आली असे कोणालाही वाटेल. फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे गठ्ठे सुटत असतात, नोटरीचे टेबल मांडले जात असते, झेरॉक्सवाल्यापुढे वकिलांचे कारकून उभे असतात. संध्याकाळी सातनंतर तीच गर्दी त्याच जिन्याने खाली उतरते आणि मागे उरतात ती बंद शटरे व बँकांचे रखवालदार. रविवारी तर कटिंग चहासाठीही शोधाशोध करावी लागते. कुलाबा, फोर्ट, चर्चगेट आणि नरिमन पॉइंट मिळून होणाऱ्या पालिकेच्या ए विभागाची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत सुमारे २ लाख १० हजार होती, ती २०११मध्ये १ लाख ८५ हजारांच्या आसपास आली. दरम्यान हिऱ्यांचा बाजार जवळच्या ऑपेरा हाऊसहून आणि बड्या वित्तसंस्थांची मुख्यालये नरिमन पॉइंटहून बीकेसीला गेली. म्हणजे या भागाने राहणारेही गमावले आणि कामाला येणारेही. मेट्रो त्यांतल्या दुसऱ्यांनाच परत आणते आहे.

याच मार्गावर दोन-तीन स्थानके अलीकडे गिरगाव आणि काळबादेवी आहेत, आणि माझ्या मते या टप्प्यातली सर्वांत शिकण्यासारखी स्थानके तीच. तिथे खाली गाळा आणि वर बिऱ्हाड ही रचना कोणा नियोजनकाराने आखलेली नाही. कापडाच्या, धातूच्या, छपाईच्या व्यापाराबरोबर ती आपोआप वाढली. दुकानासमोर हातगाडीवरून तागे उतरत असतात, बाजूच्या अंधाऱ्या लाकडी जिन्याने शाळेतून आलेले पोर वर जाते, आणि रात्री गाळा बंद झाला तरी वरच्या गॅलरीतला दिवा रस्त्यावर पडतो. त्यामुळे दूधवाला, वाणी, शिंपी, दवाखाना हे सगळे टिकून राहते. अर्थात या रचनेचे गोडवे गाणाऱ्याने त्या चाळीतले सामायिक संडास आणि टेकू लावलेल्या भिंतीही पाहाव्यात; तिथे राहणारा हौसेने तसा राहत नाही. मेट्रोच्या कामासाठी इथल्या काही इमारती पाडाव्या लागल्या आणि तिथल्या शेकडो कुटुंबांना माहुल-मानखुर्दसारख्या दूरच्या उपनगरांत न धाडता त्याच परिसरात घरे देण्याचे ठरले. संपूर्ण प्रकल्पातला हा मला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. त्या इमारती वेळेत उभ्या राहतात का आणि त्यांचा देखभालखर्च जुन्या भाडेकरूंना झेपतो का, यावर त्याचे यश ठरेल.

नरिमन पॉइंटला नेमके उलटे घडले. मेट्रो कॉर्पोरेशनच्या ताब्यातली तिथली सुमारे ४.१६ एकर जागा २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने साधारण ३,४७२ कोटी रुपयांना घेतली, आणि त्याआधी एअर इंडियाची इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटींना आपल्या कार्यालयांसाठी घेण्याचा निर्णय केला होता. मेट्रोच्या कर्जाचा बोजा पाहता जागा विकण्यात गैर काही नाही आणि रिझर्व्ह बँकेसारखा शेजारी कोणत्याही भागाला भूषणच. तरीही विधान भवन स्थानकाला लागून असलेल्या मोक्याच्या जमिनीवर पुन्हा कार्यालयेच येणार असतील, तर संध्याकाळी सातनंतरचे चित्र बदलणार कसे?

नुसती घरे बांधून हे सुटेल असेही नाही. बंद कापडगिरण्यांच्या जमिनींबाबत १९९१च्या विकास नियमात एक तृतीयांश वाटा शहराला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी सरळ वाटणी होती. २००१च्या दुरुस्तीने ती केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि परळ-वरळीत मॉल, कार्यालये व श्रीमंतांचे टॉवर दाटीने उभे राहिले. कागदावर तिथे घरे आणि कचेऱ्या दोन्ही आहेत, पण त्या टॉवरमध्ये राहणारा समोरच्या कचेरीत कारकुनी करत नाही आणि कचेरीतला कारकून डोंबिवलीहून येतो. आचार्य अत्रे चौक स्थानकावर सकाळी उतरणाऱ्यांची आणि आसपासच्या उंच इमारतींच्या तळघरांतून गाड्या काढणाऱ्यांची भेट सिग्नललाच काय ती होते.

फोर्टमध्ये नवे टॉवर उभारायला वारसा नियमांमुळे फारसा वाव नाही, आणि ते बरेच आहे. मात्र जुन्या दगडी इमारतींचे रिकामे पडलेले वरचे मजले भाड्याच्या लहान घरांसाठी देण्याला त्या नियमांची आडकाठी मानण्याचे कारण मला दिसत नाही. अडचण आहे ती जुन्या भाडेकरारांची गुंतागुंत, जिने, आगप्रतिबंधक व्यवस्था आणि मलनिस्सारण यांची. ती खर्चिक आहे, असाध्य नाही. हयगय केली तर काय होते ते काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनने दाखवले आहे. एके काळचे हे वॉटसन हॉटेल, पुढे घरे आणि वकिलांच्या कचेऱ्या एकत्र नांदवणारे, २०१९मध्ये धोकादायक म्हणून रिकामे करावे लागले.

फोर्टमध्ये किंवा मंत्रालयात कामाला जाणाऱ्याने ही मेट्रो खुशाल वापरावी; वेळ वाचतो आणि घाम येत नाही. नाटक-मैफलीसाठी नरिमन पॉइंटला जाणाऱ्याने शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवावी, कारण ती रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते. रात्री इथे उशिरापर्यंत गाडी कोणाला लागणार, असा हिशेब त्यामागे असावा, आणि फोर्टमध्ये आज राहणाऱ्यांची संख्या पाहता तो हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.