खुब्याच्या ऑपरेशनला पाठीतून भूल की पूर्ण भूल?

घरातलं वयस्कर माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं आणि ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ विचारतात, ‘पाठीतून देऊ की पूर्ण?’ पाठीतून म्हणजे मणक्यापाशी सुई टोचून कमरेखालचा भाग बधिर करणं, पूर्ण म्हणजे शुद्ध हरपवणं. अनेक नातेवाईक पटकन ‘पाठीतून’ म्हणतात. या वयात पूर्ण भूल झेपायची नाही, शुद्धीवर आल्यावर माणूस बरळत राहील, ही धास्ती त्यामागे असते. हा समज बरीच वर्षं डॉक्टरांमध्येही होता. आता तो नीट तपासला गेलाय, आणि टिकलेला नाही.

अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ रुग्णालयांत झालेला ‘रीगेन’ हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढचे १६०० रुग्ण होते आणि कुणाला कोणती भूल द्यायची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. साठ दिवसांनी पाहिलं, की किती जण दगावले किंवा काठी-वॉकर घेऊनही दहा फूट स्वतःहून चालू शकत नाहीत. पाठीतून भूल दिलेल्यांत हे प्रमाण १८.५ टक्के निघालं, पूर्ण भूल दिलेल्यांत १८. बरळणं, माणसं न ओळखणं, वेळकाळाचं भान सुटणं हा त्रास पहिल्या गटात २०.५ टक्के, दुसऱ्यात १९.७.

यावर एक रास्त शंका निघाली. पाठीतून भूल दिलेल्या अनेकांना झोपेचं औषधही दिलं होतं, मग गोंधळ त्यामुळेच झाला नसेल कशावरून? चीनमधल्या ‘रागा’ अभ्यासात (२०२२) पासष्टीपुढच्या ९५० रुग्णांपैकी ज्यांना फक्त भाग बधिर करायचा होता, त्यांना झोपेचं औषध दिलंच नाही. तिथेही गोंधळाचं प्रमाण भाग बधिर केलेल्यांत ६.२ आणि पूर्ण भूल दिलेल्यांत ५.१ टक्के, म्हणजे दखल घेण्याजोगा फरक नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पूर्ण भुलेला ‘हो’ म्हटल्याचा अपराधीपणा कुणी मनात बाळगायचं कारण उरत नाही.

दुखण्याच्या बाबतीत तर अपेक्षेच्या उलटच दिसलं. ‘रीगेन’मध्ये पहिल्या चोवीस तासांतली सर्वांत तीव्र वेदना पाठीतून भूल घेतलेल्यांनी किंचित जास्त सांगितली, आणि साठ दिवसांनी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या घेणारेही त्यांच्यातच जास्त होते.

दोन्हींचे छोटे त्रास वेगळे आहेत. पूर्ण भुलेनंतर घसा खवखवतो, मळमळतं. पाठीतल्या भुलेनं रक्तदाब उतरतो, लघवी अडू शकते. डोकेदुखी होते, पण म्हाताऱ्या माणसांत ती तरुणांपेक्षा कमी. पाठीत सुई टोचली की कंबर कायमची जाते, या समजाला मात्र आधार नाही.

हे सगळं अर्थात दोन्ही मार्ग खुले असलेल्यांसाठी. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर मणक्याभोवती रक्त साकळण्याच्या धोक्यामुळे पाठीतून भूल देता येत नाही. नुसत्या अ‍ॅस्पिरिननं सहसा अडत नाही. हृदयाची झडप फार अरुंद झाली असेल तर अचानक उतरणारा रक्तदाब जिवावर बेततो. उलट फुप्फुसं फारच कमजोर असतील तर पुष्कळ भूलतज्ज्ञ पाठीतून देणं पसंत करतात. अशा वेळी त्यांचा शब्द शेवटचा मानावा. पण दोन्ही चालत असेल तर रुग्णालाच विचारा. ऑपरेशनचे आवाज ऐकत पडून राहण्याची एखाद्याला दहशत वाटते, तर एखाद्याला शुद्ध हरपण्याची. इतकी साधी गोष्ट इथे निर्णायक ठरू द्यायला हरकत नाही.

भुलेच्या प्रकारावर चर्चा करण्यात जो वेळ जातो, त्यातला थोडा मी नर्व्ह ब्लॉकसाठी राखून ठेवीन. यात मांडीच्या वरच्या भागातल्या नसांजवळ औषध टोचून मोडलेला भाग बधिर करतात. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानुसार त्यामुळे हालचालीची वेदना अर्ध्या तासात कमी होते आणि बरळण्याचा धोकाही घटतो. ब्लॉक दोन्ही प्रकारच्या भुलेसोबत चालतो आणि ऑपरेशनची वाट पाहत असतानाच देता येतो. पाठीतून भूल ठरली असेल तर तो आधीच मागा. त्या सुईसाठी मोडक्या खुब्यानिशी कुशीवर वळवतात किंवा उठवून बसवतात, आणि ब्लॉक नसेल तर तेवढ्या दोन मिनिटांतच रुग्ण कळवळतो.