साडेबारा तास मागची पाणथळ: ‘वेटलँड प्रोजेक्ट’चे श्रवण

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, व्हँकुव्हर शहर आणि व्हँकुव्हर बेट यांच्यामधल्या समुद्रात सॅटर्ना नावाचे छोटेसे बेट आहे. वसॅनिच या मूळनिवासी लोकांच्या या पारंपरिक भूमीवरील एका पाणथळ जागेचे सलग २४ तासांचे ध्वनिमुद्रण ब्रेडी मार्क्स आणि मार्क टिमिंग्ज या कलावंतांनी केले आणि २०१७ पासून ते ‘वेटलँड प्रोजेक्ट’ या नावाने वसुंधरा दिनी, म्हणजे २२ एप्रिलला, रेडिओवरून ऐकवले जाऊ लागले. त्याला ना पार्श्वसंगीत आहे, ना प्राण्यांची ओळख करून देणारा निवेदक.

मुद्रणातली वेळ आणि प्रसारणाची वेळ जुळवलेली असल्यामुळे तिथे पहाट होते तेव्हा पहाटेचेच आवाज येतात. मात्र एप्रिलमध्ये तिथले घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे चालत असल्याने इंटरनेटवरून ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याच्या वाट्याला उलटा दिवस येतो. आपल्याकडे दुपारी साडेबाराला, रस्त्यावर ऊन रणरणत असताना, तिथली मध्यरात्र सुरू होते, आणि आपले बेडूक अजून मातीखाली मृगाची वाट पाहत असताना घरात तिथल्या बेडकांचा गजर भरतो. हा पॅसिफिक किनाऱ्यावरचा चिमुकला बेडूक जेमतेम पाच सेंटिमीटरचा. पण इंग्रजी चित्रपटांमुळे त्याचीच हाक जगभर बेडकाची हाक म्हणून रूढ झाली. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास, आपण दिवाबत्तीच्या तयारीला लागतो तेव्हा, पक्षी जागे होतात. ज्यांचे नर खांद्यावर लाल पट्टा मिरवतात ते काळे पक्षी कर्कश, तरीही लयदार ओरडतात. माझ्या मते संपूर्ण श्रवणातला हा सर्वात समृद्ध भाग आहे. एरवी आपण ‘किलबिल’ म्हणून जे एका शब्दात गुंडाळतो, त्यात किती निरनिराळे गळे आहेत, हे इथे तासाभराच्या संयमानंतर कळू लागते.

अधूनमधून विमाने जातात. ते आवाज गाळणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हते, तरी कलावंतांनी ते राहू दिले, आणि हा निर्णय मला या कामातला सर्वात प्रामाणिक वाटतो, कारण विमानाविना ऐकवलेली पाणथळ ही कुठेच नसलेली जागा ठरली असती. आपल्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाला. तिथे रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसोबत पुलावरची वाहतूकही ऐकू येतेच.

उणीव एवढीच की कोणता आवाज कोणाचा, हे नवख्याला उमगत नाही. प्रहरवार टिपण हाताशी असते तर बरे झाले असते. मोबाइलच्या स्पीकरवर खर्जातले आवाज हरवतात, म्हणून चांगले हेडफोन वापरावेत. २४ तास बसणे कोणालाच शक्य नाही. मोजकाच वेळ असेल तर २३ एप्रिलची सकाळ राखून ठेवावी: पावणेनऊच्या सुमारास तिथे सूर्य मावळलेला असतो, पक्षी एकेक करून थांबतात आणि एका बेडकामागोमाग दुसरा सुरू होतो.