सोसायटीतलं ‘२४ तासांत खत’ यंत्र: दीड वर्षाच्या वापरानंतर

आमच्या सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याच्या यंत्राच्या एएमसीचं, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचं, कोटेशन आलं. ८६ हजार, वर जीएसटी. हीटर आणि कंट्रोल पॅनल त्यात धरलेलं नाही, आणि बिघडलंय नेमकं तेच. कंपनीचा माणूस म्हणतो, "साहेब, वॉरंटी बिल्डरच्या नावावर आहे." बिल्डर म्हणतो, ताबा दिला, आता सोसायटीने बघायचं. पुण्यात नव्या इमारतीत राहणाऱ्या बऱ्याच जणांच्या पार्किंगच्या कोपऱ्यात असं स्टीलचं धूड उभं असतं, म्हणून यंत्राची माहिती देत बसत नाही. थेट अनुभवावर येतो.

चालू होतं तोवर तक्रारीला जागा नव्हती. संध्याकाळी ओला कचरा टाकायचा, दुसऱ्या दिवशी तपकिरी, कोरडी भुकटी बाहेर. वास नाही, माश्या नाहीत. कमिटीने पोती भरून बागेत टाकली. पहिले दोन पाऊस झाले आणि बागेतून आंबूस घाण यायला लागली, जास्वंदीची रोपं पिवळी पडली. कचरा गोळा करायला येणाऱ्या ताईंनी मूठभर भुकटी हातात चुरडली आणि म्हणाल्या, "काका, हे खत नाही. वाळवलेला कचराच आहे हा."

मी खात्री करून घेतली. बादलीत भुकटी घेतली, पाणी शिंपडलं, वर गोणपाट टाकलं. दोन दिवसांत पांढरी बुरशी आणि असा दर्प, की जिन्यात उभं राहवेना. खत तयार झालेलं असतं तर ओल्या मातीचा वास आला असता. जिवाणूंना कचरा कुजवायला काही आठवडे लागतात, कुठलंही बटण ते काम एका रात्रीत करत नाही. यंत्र फक्त पाणी उडवतं.

ते पाणी उडवण्याचा खर्च बघा, कारण माझा खरा राग त्याच्यावर आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात साधारण ७० टक्के पाणीच असतं. हीटरने एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळपास पाऊण युनिट वीज जाते. हे पदार्थविज्ञान आहे, कंपनी बदलून ते बदलत नाही. म्हणजे रोजच्या १०० किलो कचऱ्यामागे सुमारे ५० युनिट. मोटर आणि श्रेडर, म्हणजे कचरा बारीक करणारा भाग, यांची वीज वेगळीच. कॉमन मीटरचं बिल वाढलं की कमिटी लिफ्टवर संशय घेते. आधी हे यंत्र तपासा.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांच्यामागचा विचार मला मनापासून मान्य आहे. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं त्यात म्हटलं होतं. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं दारात सोसला. २०१७ मध्ये तिथल्या कचरा डेपोला आग लागल्यावर त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहरात साचलेले ढीग आपण पाहिलेत. त्यांच्यावर पुन्हा ती वेळ यायला नको. पण नियमाची अंमलबजावणी ‘यंत्र बसवलं का’ एवढ्यावर अडली की बिल्डर पूर्णत्वाच्या दाखल्यापुरतं सगळ्यात स्वस्त यंत्र आणतो, आणि पुढची वीज, दुरुस्ती, एएमसी रहिवाशांच्या माथी. मिळकतकरात सवलत देतानाही तपासायला हवं ते खत, यंत्र नव्हे. मूठभर खत ओलं करून दोन दिवस झाकून ठेवा, कुठलीही प्रयोगशाळा लागत नाही.

हीटर जळाल्यावर यंत्र भंगारात काढा, असं माझं ठाम मत होतं. आता तसं म्हणणार नाही. त्याचा श्रेडर उत्तम आहे. हीटर बंद ठेवून आम्ही फक्त श्रेडर वापरतो आणि बारीक झालेला कचरा विटांच्या जाळीदार हौदात टाकतो. एक बादली कचरा, तेवढाच सुका पालापाचोळा, थोडं जुनं खत. आठवड्यातून एकदा खालीवर करायचं. चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवली आणि दहा मिनिटांनी काढली, तर हातात धरवेना इतकी तापलेली. वीज शून्य! इतका आनंद मला त्या यंत्राने कधी दिला नव्हता. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत निघालं आणि जास्वंदीला नवी पालवी फुटली.

मध्ये करड्या, जाडसर अळ्या दिसल्या तेव्हा ग्रुपवर गोंधळ झाला. त्या घरमाशीच्या नाहीत, ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या वेगळ्या माशीच्या. कचरा झपाट्याने खातात, त्रास देत नाहीत. अळ्या फारच वाढल्या तर ढीग ओला झालाय असं समजून पालापाचोळा वाढवायचा. पावसाळ्यात तो मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पोती भरून शेडमध्ये ठेवा. आमच्याकडे पूर्वी ती पानं कोपऱ्यात जाळत होते, याची आता चुटपुट लागते. नारळाच्या करवंट्या मात्र श्रेडरमध्ये घालू नका, ब्लेडची धार जाते.

हौद सांभाळायला माणूस लागतो. आमच्याकडे ताईच ते बघतात, आणि त्याचे वेगळे पैसे सोसायटी त्यांना देते. ते कचरा उचलण्याच्या मोबदल्यात धरू नका. २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी या शहराचं केवढं काम पेललंय. त्यांच्या कौशल्याचे पैसे चोख दिले पाहिजेत.

नव्या फ्लॅटचा ताबा घेणार असाल तर यंत्राची वॉरंटी लेखी सोसायटीच्या नावावर करून घ्या, आणि त्यातली भुकटी बिल्डरच्या माणसासमोर भिजवा. पुढच्या सर्वसाधारण सभेत आमच्याकडे एएमसीचा ठराव येतोय. मी त्याच्या विरोधात मत देणार आहे, आणि श्रेडरची नवी ब्लेडं व दुसरा हौद यांना मंजुरी मागणार आहे.