पहिला जुना लष्करी ट्रक: एम-३७ घ्यावा की एम-३५ए२?

जुना लष्करी ट्रक घ्यायचं एकदा ठरलं की बऱ्याच जणांची गाडी या दोन नावांपाशी येऊन अडते. दोन्ही अमेरिकी लष्कराचे. एक डॉज कंपनीचा पाऊण टनी एम-३७ आणि दुसरा रिओ कंपनीच्या आराखड्याचा अडीच टनी एम-३५ए२ (पुढे नुसता एम-३५). मी एम-३७ बाळगून आहे, आणि एका मित्राच्या एम-३५ए२ वर पाना आणि स्टिअरिंग दोन्ही भरपूर चालवलं आहे. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण मोठ्या ट्रकवरही माझा जीव आहे.

पहिल्या भेटीत मन जिंकतो तो एम-३५च. दहा टायर, तिन्ही अ‍ॅक्सलना जोर, आणि ७.८ लिटरचं मल्टिफ्यूएल, म्हणजे एकाहून जास्त इंधनांवर चालणारं इंजिन. त्याची ज्वलनपद्धत मूळची जर्मनीच्या एमएएन कंपनीची. डिझेल मिळालं नाही तर रॉकेलवरही ते चालतं. टर्बोची शिटी घुमायला लागली की अंगावर काटा येतो. चढावर तो ज्या निवांतपणे ओझं ओढतो, तिथे एम-३७चं ३.८ लिटरचं जुन्या फ्लॅटहेड धाटणीचं पेट्रोल इंजिन कमी पडतं, हे मान्यच करायला हवं. एम-३७च्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ५.८३, म्हणजे वेग वाढला की इंजिन फार जोरात फिरतं, त्यामुळे सपाट रस्त्यावरही ताशी ७० किलोमीटरच्या पुढे मी त्याला ताणत नाही. तुम्हाला खरोखर जड सामान वाहायचं असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, एम-३५ घ्या.

माझा निर्णय मात्र ब्रेकवर झाला.

दोन्ही ट्रकचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे आणि एकेरी सर्किटचे, म्हणजे सगळ्या चाकांना मिळून तेलाची एकच वाट. एक पाइप फुटला किंवा एका चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर सुटला की पेडल थेट तळाला जातं, आणि एकाही चाकाला ब्रेक उरत नाही. एम-३५ला हवेची मदत आहे, पण ती पाय हलका करण्यापुरती. तेलच वाहून गेलं तर हवा काय करणार? म्हणून असा ट्रक रस्त्यावर आणणाऱ्याला चाकं उघडून सिलिंडर बघण्याचं काम वरचेवर करावंच लागतं. ते टाळायची सोय नाही.

आता एम-३५चं मागचं एक चाक उघडायचं म्हणजे काय, ते बघा. आधी अ‍ॅक्सल शाफ्टचे बोल्ट काढून शाफ्ट बाहेर ओढायचा. मग बेअरिंगचा नट. त्याला तीन इंची अष्टकोनी सॉकेट लागतो, साधा पाना तिथे बसतच नाही. त्यानंतर हब आणि ड्रम एकत्र बाहेर येतात. जोडचाकं तशीच ठेवली तर तो सगळा गोळा ग्रीस फासलेल्या पत्र्यावरून दोघांनी सरकवायचा. आत सिलिंडर कोरडा निघाला तर आनंदच, पण बेअरिंगचं ग्रीस आणि ऑइल सील तरीही पुन्हा करावं लागतं. आमची अर्धी सुट्टी एका चाकात जायची, आणि अशी सहा ठिकाणं. हळूहळू ‘पुढच्या वेळी बघू’ असं तोंडात यायला लागतं. मला त्याचीच धास्ती वाटली.

एम-३७ला चारच चाकं, जोडचाकं नाहीत. चाक जड आहे, पण मी एकटा ते काढून भिंतीशी टेकवू शकतो. त्यामुळे तपासणी पुढे ढकलली जात नाही. तुमच्याकडे दोन धट्टेकट्टे मदतनीस आणि काँक्रीटची फरशी असेल, तर कदाचित तुमचा हिशोब वेगळा निघेल.

जागेचं म्हणाल तर एम-३५ची लांबी साधारण ६.७ मीटर, एम-३७ची ४.८ मीटर, आणि एम-३५चं वजन दुपटीहून जास्त. पॉवर स्टिअरिंग दोन्हींना नाही, आणि जागच्या जागी वळवताना एम-३५ खांदे भरून आणतो.

काही गोष्टी दोन्हींना सारख्याच लागू. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. जोर लावून तोडू नका. टायर जागेवर धरणारी सुटी लोखंडी रिंग असलेल्या रिमच्या टायरमध्ये, तो लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय कधीही हवा भरू नका, ती रिंग उडाली तर माणूस वाचत नाही. दोन्हींची वीज २४ व्होल्टची, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून केलेली, म्हणून १२ व्होल्टचं काही जोडायचं असेल तर कन्व्हर्टर लावा. दोनपैकी एकाच बॅटरीतून करंट ओढला तर दोन्ही लवकर जातात.

बघायला जाल तेव्हा इंजिन चालू करायला सांगण्याआधी टॉर्च घेऊन खाली वाका आणि प्रत्येक चाकाची आतली बाजू बघा. ओल दिसली तर बोटाला लावून वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आला तर ते अ‍ॅक्सलचं ऑइल, सीलचं काम. तसा वास नसेल तर सिलिंडर गळतोय असं धरून चाला. मग पेडल दाबून मिनिटभर तसंच धरा. ते हळूहळू खाली गेलं, तर सगळ्या चाकांचं काम धरूनच भाव सांगा.