जागलीवर कोणतं न्यावं: ड्यून की थ्री बॉडी?

भाच्याचा पुण्याहून निरोप आला : "मामा, दोन्ही पडद्यावर पाहून झाले. पुस्तक आधी कोणतं घेऊ?" या दोन्ही विज्ञान-कादंबऱ्या; २०२४च्या मार्चमध्ये ‘ड्यून’चा दुसरा चित्रपट आणि ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ची मालिका पाठोपाठ आल्यापासून हा प्रश्न मला चौथ्यांदा आला. कथानक कोणाला नव्याने सांगावं लागत नाही, म्हणून ते सोडतो.

आधी एक कबुली. मी दोन्ही पुस्तकं बहुतेक रात्रीच वाचली, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या हरभऱ्याच्या वावरात, मचाणावर बसून. ओलितासाठी विजेची लाइन रात्रपाळीची असली की मोटरपाशी थांबावं लागतं, आणि घाटे भरले की डुकरांची जागल असतेच. पंख्याखाली लोडाला टेकून वाचणाऱ्याचं मत वेगळं होऊ शकेल.

फ्रँक हर्बर्ट यांचं ‘ड्यून’ १९६५चं, पण त्याची सुरुवात मी वाचली ती मे महिन्यात, टँकरच्या रांगेत. वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन लोकांचा म्होरक्या स्टिलगार तिथल्या राज्यकर्त्या ड्यूकला भेटायला येतो आणि सरळ टेबलावर थुंकतो. ड्यूकची माणसं चवताळतात. मग कळतं की त्याने मान दिला; अंगातलं पाणी कोणासाठी खर्च करणं, याहून मोठा नजराणा त्या वाळवंटात नाही. माझ्यापुढे तेव्हा पाण्याचे सतरा गुंड, म्हणजे घागरी, होत्या आणि टँकर दिसत नव्हता. ते पान मी दोनदा वाचलं. पाण्याबद्दल असं लिहिलेलं दुसरं काही माझ्या वाचनात नाही, आणि माणसंही थ्री बॉडीपेक्षा ड्यूनमधलीच जिवंत आहेत, हे मान्य करूनच पुढे जातो.

अडचण शब्दांची. पुस्तकभर त्या जगाचे स्वतःचे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ पार शेवटी दिलेले. दिवसा ठीक आहे. रात्री डोक्याला बॅटरी बांधलेली, डाव्या हाताचं बोट वाचत्या पानात, उजव्या हाताचं मागच्या पानांत. ‘गॉम जब्बार’ म्हणजे काय बघायला मागे जावं तर तिथे ‘बेने गेसरिट’ बसलेल्या. त्या कोण म्हणून पाहावं तर ‘बटलेरियन जिहाद’ पुढे येतो. तोवर डाव्या हाताचं बोट निसटलेलं. एका रात्री मी असाच त्या जिहादपाशी पोचलो होतो आणि धुऱ्याकडून, म्हणजे बांधाकडून, पाच-सहा डुकरं आत शिरली. बॅटरीचा झोत पुस्तकावर, त्यामुळे मला दिसली नाहीत. चावण्याचा आवाज आला तेव्हा कळलं. घाईत उठलो तर पुस्तक खाली, थेट पाण्याच्या दांडात. सकाळी मोजलं, हरभऱ्याची चार तासं, म्हणजे ओळी, उकरून टाकलेली.

अर्थ न पाहता वाचत जा, हळूहळू उमगतं, असं जाणते वाचक सांगतात. खरंही असेल. माझ्याच्यानं होत नाही. न कळलेला शब्द मला दातात अडकलेल्या तुरीच्या टरफलासारखा छळतो.

थ्री बॉडी पुढच्या हंगामात नेलं. केन लिऊ यांचा २०१४चा इंग्रजी अनुवाद. सुरुवातीला चीनची सांस्कृतिक क्रांती आहे, तिच्यातलं काही अडलं तर खुलासा त्याच पानाच्या तळाशी. नजर खाली, नजर वर, मग एकदा धुऱ्यावर. चिनी नावांचा घोळ होतो म्हणतात, कारण आडनाव आधी येतं. आपलंही शाळेच्या हजेरीत आडनावच आधी असायचं. दोन रात्रींत सरावलो.

पुस्तकातली माणसं खेळतात तो संगणकावरचा खेळ मात्र मला आमच्याच गावचा वाटला. तीन सूर्यांच्या त्या जगात दिवस कधी उगवेल, किती तापेल, याचा नेम नाही. अराजक काळ आला की तिथली माणसं अंगातलं पाणी काढून टाकतात, गुंडाळी करून कोठारात पडून राहतात, आणि स्थिर काळ आला की त्यांना भिजवून पुन्हा उठवतात. राजे, पंडित सगळे एकामागून एक अंदाज बांधतात आणि बुडतात. मृगाच्या दोन सरींवर भरवसा ठेवून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोबलेली, मग वीस दिवसांचा खंड आणि दुबार पेरणी, हे ज्याने पाहिलंय त्याला ही प्रकरणं समजावून सांगावी लागत नाहीत.

दोष आहेत. ये वेन्जी ही शास्त्रज्ञ बाई सोडली तर माणसं कोरडी वाटतात, आणि भौतिकशास्त्राच्या काही पानांवर मला चक्क पेंग आली. पण नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्यांना, म्हणजे आधी विज्ञानातली शंका आणि मागून माणूस या वाटेने गेलेल्यांना, ते जड जाऊ नये. शिवाय तीन भागांत संपतं. हर्बर्ट यांनी एकट्यानेच ड्यूनचे सहा लिहिले आहेत.

भाच्याला कळवलं, थ्री बॉडी घे, ड्यून विकत घेऊ नकोस. माझी प्रत आहेच, दिवाळीला आलास की ने. मधलं सगळं शाबूत आहे. मागची पानं तेवढी पाण्याने फुगून चिकटली आहेत, शब्दार्थांची.