एसीचं पॅनल घरीच बदललं, आठ महिने झाले. पण तो हिरवा उजेड!

गाडी 2014 ची, ऑटो एसीवाली, आर्वी-पुलगाव-वर्धा एवढंच तिचं जग. ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, डॅशबोर्डवरचं एसीचं पॅनल गेलं. डिस्प्ले काळा, एकही बटण ऐकेना. खड्ड्यात आदळली की दोन मिनिटं जिवंत व्हायचं, पुन्हा ठप्प. सर्व्हिस सेंटरवाल्यानं काही न उघडताच साडेचौदा हजार सांगितले, मजुरी वेगळी. दिवस सोयाबीनचं बियाणं घ्यायचे! गाडी तशीच घरी आणली.

सकाळी सहाला बसलो. नऊनंतर त्या डॅशबोर्डला हात लावून दाखवा. एअरबॅगच्या वायरी जवळच, म्हणून 10 नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबलो. मोबाईल दुरुस्तीच्या प्लास्टिक पट्टीनं फ्रेम उचकली, मग चार स्क्रू, दोन कनेक्टर. मागचा पार्ट नंबर लिहून नागपूरला गेलो, भंगारातलं पॅनल 3,200 ला आणलं. बसवताना एक स्क्रू गिअरच्या फटीत पडला. जुन्या स्पीकरच्या चुंबकानं तो काढण्यातच अर्धा तास गेला, बाकी काम वीस मिनिटांचं.

चालू केलं तर थंड हवेऐवजी भट्टी! भंगारवाल्याचा उद्धार केला. तो बिचारा निर्दोष होता. गरम-थंड हवेच्या झडपा कुठे आहेत हे नव्या पॅनलला माहीत नव्हतं. बॅटरी पुन्हा काढून लावली, इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन ठेवली. आतून मोटारींची कुरकुर झाली, आणि गार हवा! माझ्या गाडीला एवढं पुरलं. प्रत्येक गाडीची रीत वेगळी असते.

थंडीत काचेवरचं धुकं घालवायचं बटण दाबलं की एसी आपोआप लागायचा. मला वाटलं, गेलं हेही. पण तो बिघाड नाही. एसी हवेतला ओलावा काढते, म्हणून काच लवकर साफ होते. पहाटे कापसाची गाडी पुढे असताना याचं मोल कळलं.

आता मुख्य दुखणं. माझ्या गाडीचे सगळे दिवे नारिंगी, आणि हे पॅनल हिरवं! रात्री नजर तिथंच जाते. बायको म्हणते, "काऊन पाहता सारखं तिकडं? हवा तं थंडी येते ना?" येते. पण हिरवं आहे.

परवा जुनं पॅनल बाजारातल्या टीव्हीवाल्याला सहज दाखवलं. त्यानं भिंगातून पाहिलं. कनेक्टरच्या एका पिनेभोवती केसाएवढा तडा, सोल्डरचा डाग सुटलेला. ऐंशी रुपयांत डाग मारला, वर ऐकवलं, "खड्ड्यात चालू व्हाचं म्हणता, तं अजून काय पायजे होतं भाऊ?"

येत्या रविवारी सहाला पुन्हा बसतो. हिरवं कोणाला हवं असेल तर 2,800, घासाघीस नाही. पार्ट नंबर जुळवूनच या.